फॅट डेअरीला, पामतेल घराला

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. राहाता, राहुरी, संगमनेर, पारनेर, कोणताही तालुका घ्या. दूध संकलन केंद्रापुढे मोटारसायकली लागलेल्या असतात, हँडलला किटल्या, मागे कॅन. दूध मापलं जातं, थोडा नमुना मशिनच्या नळीखाली धरला जातो आणि काही सेकंदांत चिठ्ठी बाहेर येते: लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्ध सोडून उरलेले घन पदार्थ), दर. पूर्वी हेच काम गर्बरच्या काचनळीत व्हायचं. 10.75 मिली दूध, त्यात सल्फ्युरिक आम्ल आणि थोडं अमाइल अल्कोहोल घालून नळी यंत्रात गरागरा फिरवायची आणि वर आलेला पिवळसर थर मोजायचा. गायीच्या दुधाचा दर आजही 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. त्यातला एखादा पॉइंट खाली आला की पैसे कापले जातात. दुधातल्या स्निग्धाची किंमत आमच्या शेतकऱ्याला कुणी वेगळी शिकवायला नको. तो दिवसातून दोनदा ती मोजून घेतो.

पण ज्या घरातून ती किटली निघाली, त्याच घरात दुपारी भाजी पामतेलात होते. पोरांच्या वाट्याला चहापुरतं दूध. साय धरणं, विरजण लावणं, रवीनं ताक घुसळणं हे फार थोड्या घरांत उरलं आहे. लोणी कढवताना त्यात विड्याचं पान टाकायचं आणि खाली राहिलेली बेरी साखर घालून पोरांना द्यायची, हे सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. बेरी खाल्लेली पोरं मात्र शोधावी लागतात.

तूप चांगलं की वाईट, हा वाद आपण शहरातल्या जेवणाच्या टेबलावरून ऐकत आलो. एका पिढीला डॉक्टरांनी तूप बंद करायला सांगितलं. आताच्या पिढीला मोबाइलवरचे सल्लागार सकाळी उपाशीपोटी चमचे भरभरून तूप प्यायला सांगतात. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. तुपात साठ टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त स्निग्धांचा असतो आणि त्यानं रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. संपृक्त स्निग्धांतून दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून जास्त येऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2000 उष्मांकांचा आहार असेल तर हे साधारण 22 ग्रॅम झाले. एका छोट्या चमचाभर तुपात, म्हणजे 5 ग्रॅममध्ये, त्यातले तीनेक ग्रॅम येतात. जेवणात एक-दोन चमचे सहज बसतात. वाटीनं प्यायचं ठरवलं तर बसत नाहीत.

2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘प्युअर’ अभ्यासानं बरीच खळबळ उडवली. 18 देशांतली 1,35,000 हून अधिक माणसं त्यात होती, आपल्या देशातलीही होती. संपृक्त स्निग्ध जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार वाढलेला दिसला नाही. उलट ज्यांच्या ताटात पिष्टमय पदार्थच फार, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास, त्यामुळे त्यातून कारण सिद्ध होत नाही आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. तरी नुसत्या भात-पोळी-साखरेवर पोट भरणाऱ्या आपल्या समाजानं त्याकडे काणाडोळा करू नये.

तुपाच्या भीतीनं आपण काय आणलं, हे बघितलं की मन खट्टू होतं. 1937 साली डालडा बाजारात आला. पुढे गावोगावच्या लग्नांतल्या बुंदीपासून हॉटेलातल्या भज्यांपर्यंत वनस्पती तुपाचं राज्य झालं. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना जे ट्रान्सफॅट तयार होतात, ते एलडीएल वाढवतात आणि हृदयाला जपणारं एचडीएल घटवतात. म्हणजे दुहेरी नुकसान. हे कळूनही तेला-तुपातल्या ट्रान्सफॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा लागायला जानेवारी 2022 उजाडावा लागला. वनस्पती तुपानंतर आलेलं पामतेल स्वस्त आहे, परदेशातून येतं आणि त्यातही जवळपास निम्मा भाग संपृक्तच असतो. घरचं तूप टाळून आपण नेमकं काय टाळलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

जुन्या ताटात तूप एकटं नव्हतं. रब्बीच्या ज्वारीच्या रानाला कडेनं करडईचे तास असायचे; काटेरी पीक, त्यामुळे जनावर आत घुसत नसे. ती करडई घाण्यावर जायची आणि त्या तेलाची फोडणी बसायची. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं. हे आम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही, आणि तुपात ते दोन-तीन टक्केच असतं. उलट तुपात अ जीवनसत्त्व आहे, ते करडईत नाही. मेथी-चुक्यातलं कॅरोटीन अंगी लागायलाही सोबत स्निग्ध हवंच. भाकरी, पालेभाजी, करडईची फोडणी आणि वर चमचाभर लोणी, यात शास्त्राला खोडून काढावं असं फारसं काही नाही.

आता कुणाला किती, हा खरा मुद्दा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2010 च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या बाईला तेल-तूप मिळून दिवसाला 20 ग्रॅम, तर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला 40 ग्रॅम सांगितले होते. सावेडीत दिवसभर खुर्चीत बसणारा, साखर वाढलेला माणूस आणि पाथर्डीहून कोयता घेऊन कारखान्याच्या फडात गेलेलं जोडपं यांना एकच सल्ला कसा लागू पडेल? पहिल्यानं चमचे मोजावेत. दुसऱ्यांच्या ताटात मात्र भाकरी आणि ठेच्याखेरीज फारसं काही नसतं, आणि ‘चरबी कमी करा’ हा सल्ला त्यांच्यापर्यंत पोचूच नये असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त गरज लहान मुलांना. दीड-दोन वर्षांच्या पोराचं पोट केवढंसं! पातळ वरण-भातानं ते लगेच भरतं, पण ताकद मिळत नाही. त्यात चमचाभर तूप किंवा तेल घातलं की तेवढ्याच घासांत उष्मांक वाढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. आपल्या ज्या जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये 1970 साली काम सुरू करून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी पुढे गावच्या बायांनाच आरोग्यसेविका बनवलं, त्या जिल्ह्यानं हा आकडा परका मानू नये.

घरोघर पुन्हा तूप कढवा, असं मी म्हणणार नाही. हिशेबच बसत नाही. संकरित गायीच्या 3.5 फॅटच्या दुधापासून किलोभर तूप करायचं तर 28-30 लिटर दूध लागतं. लिटरला 30 रुपये धरले तरी 850-900 रुपयांचं दूध गेलं. मागे ताक उरलं तरी दुकानातलं तूप स्वस्त पडतं. आणि दराचं दुखणं वेगळंच. जुलै 2024 मध्ये अकोले तालुक्यातल्या कोतूळला शेतकरी लिटरला 40 रुपये मागत धरणं धरून बसले होते. अशा घरातल्या बाईला ‘दूध विकू नको’ म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

दूध मात्र मागे ठेवता येईल. अर्धा लिटर सायीसकट दूध म्हणजे 17-18 ग्रॅम स्निग्ध, त्यासोबत प्रथिनं आणि कॅल्शियमही, जे तुपात नाही. वर धरलेल्या दरानं ते 15 रुपयांना पडतं. ज्यांच्या दावणीला गाय नाही त्यांच्यासाठी गावच्या दूध संस्थेनं पुढं यावं. अंगणवाडीत 40 मुलं असतील तर प्रत्येकी 100 मिली धरून रोज 4 लिटर पुरतं, त्याच दरानं खर्च सव्वाशे रुपयांच्या आसपास. संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत हा ठराव कुणीतरी मांडावा, आणि धार काढणाऱ्या बायांनी त्या सभेला स्वतः हजर राहून तो मंजूर करून घ्यावा.