जिवाणू, जनुक आणि कपाशी

मंगरूळपीरच्या काळ्या रानात २००२ नंतर जी बीटी कपाशी आली, तिच्यात मातीतल्या एका जिवाणूचे जनुक आहे. शेतकऱ्याने ते पेरले. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र ‘जनुक’ हा शब्द अजूनही प्रश्नपत्रिकेपुरताच भेटतो. ही दरी किती महाग पडते, हे उमगण्यासाठी डॉ. ओबेद सिद्दीकी यांच्या संशोधनाकडे पाहावे.

१९३२ साली उत्तर प्रदेशातील बस्ती येथे जन्मलेल्या सिद्दीकींनी ग्लासगो येथे पोन्टेकोर्व्हो यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्यासमवेत त्यांनी ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूचा अभ्यास केला. एका जनुकातील बिघाडाने थांबलेली प्रथिनाची घडण दुसऱ्या जनुकातील बदलाने पुन्हा चालू होऊ शकते, असे त्यातून दिसले. जनुकांच्या भाषेत ‘येथे थांबा’ अशी खूण असते, हे उलगडण्यास या कामाचे साहाय्य झाले. १९६२ मध्ये होमी भाभांनी त्यांच्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सोपवला. भौतिकी व गणितासाठी नावाजलेल्या संस्थेने जिवाणूंना जागा दिली; पुढे सिद्दीकी फळमाशीच्या चेतासंस्थेकडे वळले.

अशा संशोधनाचा शेताला उपयोग काय, असे कोणी विचारील. लुरिया आणि डेलब्र्युक यांनी १९४३ मध्ये दाखवून दिले, की जिवाणूंतील प्रतिकारक्षम बदल विषाणूशी गाठ पडण्यापूर्वीच झालेले असतात. विषाणू केवळ त्यांची निवड करतो. बोंडअळीचा न्यायही हाच. बीटीच्या विषाला दाद न देणाऱ्या अळ्या आरंभी मोजक्याच असतात. बाकीच्या मेल्या, की रान त्यांचेच. साध्या पतंगांशी संकर होऊन हा प्रतिकार लवकर फैलावू नये, एवढ्यासाठीच कडेने बिगर-बीटी कपाशी लावावयाची होती. बहुतेकांनी ती लावली नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली, त्यामागील हे एक मोठे कारण होय. दोष एकट्या शेतकऱ्याला देणे अन्यायाचे ठरेल. बियाण्यासोबत सूचना आली, कारण आले नाही. आणि कारण समजावून सांगणे हे सुशिक्षितांचे कर्तव्य असते.

मुंबईची प्रयोगशाळा मंगरूळपीरला येणार नाही, आणि तिची गरजही नाही. सोयाबीनच्या मुळावरची गाठ चिरून तिच्यातले जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येतात. बीटी आणि साध्या कपाशीची बोंडे फोडून विद्यार्थ्यांकडून अळ्या मोजून घेता येतात. जी आनुवंशिकी घरच्या पिकाचे भवितव्य ठरवते, ती निदान एवढी तरी घरच्या शाळेत शिकवली गेली पाहिजे.