रूळ पेटंटाच्या आधीचा

कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्राचे श्रेय एली व्हिटनीला द्यायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. त्याने १७९४ साली अमेरिकेत पेटंट घेतले, इंग्रजांनी ती विद्या इकडे आणली, जळगाव-धुळ्याने तिला फक्त कापूस पुरवला, असे खानदेशातली शिकलेली माणसेही सांगतात. हे खोटे आहे, आणि ते यंत्राच्या रचनेवरूनच सिद्ध होते.

व्हिटनीचे यंत्र दातांचे. फिरत्या दंडगोलावरचे तारेचे दात तंतू फटीतून ओढून घेत आणि सरकी अलीकडे अडकून राही. पुढे तारांच्या जागी करवतीच्या चकत्या आल्या. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० साली अमेरिकी मळेवाले आणून इथे करवती यंत्रांचे प्रयोग केले. त्यांचा जम बसला तो धारवाडकडे, जिथे न्यू ऑर्लिन्सचे बियाणे रुजले. आमच्या देशी कापसाचा आखूड धागा मात्र करवत तोडून टाकी.

पश्चिम भारताच्या जिनिंगची घडी बसवली ती दुसऱ्याच यंत्राने. फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाने १८४० साली त्याचे पेटंट घेतले. अमेरिकेतल्या यादवीने १८६१ ते १८६५ लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने याच जातीची यंत्रे हिंदुस्थानासाठी घडवली. त्याच दशकात खानदेशात रेल्वे आली आणि जळगाव कापसाची मोठी पेठ झाली.

मॅकार्थीच्या यंत्रात चामडे चढवलेला रूळ तंतू ओढतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडवते आणि हलती सुरी सरकीला टोले देऊन सुटी करते. करवत कुठेच नाही. मग यातला रूळ आला कुठून? जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या पाचव्या शतकाच्या सुमाराच्या भित्तिचित्रात पाटावर रूळ फिरवून सरकी काढणारी बाई आहे. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी १९७४ साली ते चित्र उलगडून दाखवले. पुढे दोन रूळ मळसूत्री आट्यांनी एकमेकांत गुंतवून उलटसुलट फिरवणारी चरकी आली आणि घरोघरी चालली.

यावर हटकून विचारले जाते, मग पेटंट आपल्या नावावर का नाही? पेटंट हा सुधारणेवरचा हक्क असतो. आधी जे सर्वांचे होते, त्याचा मालक कोण हे तो कागद सांगतच नाही. शिवाय हिंदुस्थानात अशा हक्काचा पहिला कायदाच १८५६ साली झाला, आणि पहिला हक्क कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंग यांना पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी मिळाला. जी नोंदवहीच नव्हती, तिच्यात नाव नाही म्हणून खानदेशाला अडाणी ठरवणे हा उघड अन्याय आहे.

पण सगळे अजिंठ्यातच होते म्हणणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. चित्रातल्या रुळाला सुरी नाही. चरकीवर दिवसभर राबून बाईच्या हाती काही शेर रुई पडे. हलती सुरी आणि वाफेचे बळ मिळाल्यावर तेच काम कित्येक पटींनी झाले. सुरीचे श्रेय मॅकार्थीचेच, ते निःशंक द्यावे. व्हिटनीला मात्र आपल्या जिनिंगचा जनक म्हणू नये. भारतात आजही बहुतेक ठिकाणी दोन रुळांचीच यंत्रे चालतात, आणि खुद्द अमेरिकेत लांब धाग्याचा पिमा कापूस करवतीखाली देत नाहीत, रुळावरच काढतात.

या इतिहासातून आणखी कोणी गळले असेल, तर त्या बाया. चरकी त्यांच्या हातची होती, आणि यंत्र आल्यावर त्यात कापूस घालायलाही त्याच उभ्या राहिल्या. १८८१ च्या कारखाना कायद्याने वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले. हंगामी जिनिंग त्यामुळे बहुतेक कायद्याबाहेर राहिले, आणि मोठ्या बायांच्या कामाच्या तासांना तर त्या कायद्याने कुठेच मर्यादा घातली नव्हती. १८८४-८५ च्या मुंबईतल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातल्या साक्षी झाल्या, तेव्हा त्या पहाटेपासून रात्रीपर्यंत यंत्रापाशी उभ्या असतात, हे सरकारी दप्तरात आले. जिनिंगचा इतिहास लिहिणाऱ्याने पेटंटांच्या याद्यांइतक्याच काळजीने त्या साक्षी वाचाव्यात.