मे महिन्यातला स्वेटर

डोंबिवलीहून घामाघूम होत माझी मैत्रीण ठाण्याला उतरते आणि ऑफिसात शिरताच स्वेटर चढवते. तोही भर मे महिन्यात! आता तिथे रिनोव्हेशन होतंय, वर एक मजलाही चढणार आहे. सगळ्यांना हवीय चकाचक काच. पण पश्चिमेला काच म्हणजे दुपारी भट्टी. मग एसी आणखी जोरात, आणि स्वेटर आणखी जाड!

मी तिला मुंबईतल्या फोर्टमधल्या गोदरेज भवनची गोष्ट सांगितली. इमारत १९७२ची. २०१०मध्ये मेकओव्हर झाला, पण दिखाऊ नाही. एसीची यंत्रणा सुधारली, कमी वीज खाणारे दिवे लावले. वाचलेल्या विजेतून खर्च पाचेक वर्षांत वसूल, असा हिशेब निघाला. मुख्य म्हणजे इमारत पाडली नाही. सांगाडा टिकला की त्यातलं सिमेंट-लोखंडही वाया जात नाही.

मैत्रिणीने मीटिंगमध्ये मागणी केली : काच कमी, खिडक्यांवर छज्जे, एसी २४ डिग्रीवर. बॉस म्हणाला, "बघू."

मंडळी, आपल्याकडे 'बघू'चा अर्थ काय, ते सांगायला नकोच. स्वेटर अजून तिच्या ड्रॉवरमध्येच आहे.