पागोळी कुठं पडते?

बेळगावच्या आमच्या जुन्या घराखाली कमरेइतक्या उंचीचं तळघर आहे. यंदा तिथं घोटाभर पाणी साचलं, आजोबांच्या वह्यांची ट्रंक भिजली. मी लगेच आतून वॉटरप्रूफ गिलावा करायला निघालो. आई म्हणाली, "अरे, आधी पागोळी कुठं पडते ते तरी बघ."

भर पावसात छत्री घेऊन उभा राहिलो. गेल्या वर्षी हौसेनं मीच अंगणात ब्लॉक बसवून घेतले होते, त्यांचा उतार थेट जोत्याकडे! उघडीप मिळताच ते उखडले, फुटाला पाव इंच उतार बाहेरच्या बाजूला दिला, पन्हळीचं पाणी पाइपानं गटारात सोडलं. तळघराचे झरोके मात्र बुजवले नाहीत. ओल वाळायला वारा हवाच. तुमच्याही जोत्याशी बादलीभर पाणी ओतून बघा, कुणीकडे वळतं ते.

वह्यांतली शाई पसरली. पेन्सिलीनं लिहिलेला हिशेब तेवढा वाचता येतो.