एमआरआयच्या चिठ्ठीवर आजार आणि औषधेही लिहा

एक हात जड पडला, बोलणे अडखळू लागले, की घरचे म्हणतात, 'लकवा असेल.' बहुतेक वेळा तसेच असते. पण रुग्णाला एचआयव्ही असेल, किडनी बदललेली असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, आणि त्रास एकदम न येता काही आठवड्यांत वाढत गेला असेल, तर सीटी स्कॅनवर थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा रुग्णांना पीएमएल नावाचा आजार होऊ शकतो. तो होतो जेसी विषाणूमुळे. (१९७१ साली ज्या रुग्णाच्या मेंदूतून हा विषाणू वेगळा केला, त्याची ही आद्याक्षरे.) निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो गुपचूप असतो. प्रतिकारशक्ती ढासळली की तो मेंदूत मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचे आवरण, तयार करणाऱ्या पेशी मारतो.

एमआरआयमध्ये याचे पांढरे डाग दिसतात. ते डाव्या-उजव्या बाजूला सारखे नसतात, मेंदूच्या बाहेरच्या थराला खालून भिडतात, आणि डाग मोठा असूनही सूज सहसा नसते. टॉक्सोप्लाझ्मा या जंतूच्या गाठीभोवती मात्र सूज असते आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर तिची कड अंगठीसारखी उजळते. पण फोटो म्हणजे निदान नव्हे. मणक्यातून पाणी काढून पीसीआर करावी लागते, आणि तीही कधी सुरुवातीला निगेटिव्ह येते.

म्हणूनच फोटो वाचणाऱ्या डॉक्टरला पूर्ण माहिती हवी. चिठ्ठीवर नुसते 'अशक्तपणा' लिहिलेले असेल, तर तेच डाग जुन्या लकव्याचे समजले जाऊ शकतात. एचआयव्ही लोक लाजेने लपवतात. २०१७ च्या कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. निदान डॉक्टरला तरी सांगा.

जेसी विषाणूवर खात्रीचे औषध अजून नाही. प्रतिकारशक्ती परत आणणे हाच उपचार. एचआयव्ही असेल तर एआरटी, जी सरकारी केंद्रांत मोफत मिळते. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी नॅटॅलिझुमॅब चालू असेल तर ते बंद करतात. मात्र प्रतिकारशक्ती परतताना मेंदूत सूज येऊन रुग्ण काही काळ जास्त बिघडू शकतो. अशा वेळी घाबरून एआरटीच्या गोळ्या परस्पर बंद करू नका, लगेच दाखवायला या.