कात्री कुणाच्या हातात?

उन्हाळी शिबिरात टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची साधनं बनवायचं सत्र होतं. कात्री, दाभण, पक्कड सगळं मुलांकडे. मुली काय करत होत्या? धरून ठेवत होत्या, रंगवत होत्या, शेवटी कचरा भरत होत्या. त्यांना असं कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी, एम.एस.डब्ल्यू. होऊन दहा वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी, पहिला दिवसभर कौतुकानं बघत राहिले!

दुसऱ्या दिवशी मुलींचा वेगळा गट केला. ('मुलींना वेगळं कशाला काढता?' असं एका कार्यकर्त्यानं विचारलंच. आदल्या दिवशी त्याला काही वेगळं दिसलं नव्हतं.) तराजू करायचा ठरला. काठी, सुतळी, जुन्या डब्यांची दोन मोठी झाकणं. वजन कुठून आणायचं? एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो. पाण्याची बाटली एका पारड्यात, तसलीच रिकामी बाटली दुसऱ्या पारड्यात मालाबरोबर. बाटलीचं वजन आपोआप वजा. तराजूच खोटा असेल तर? दोन्ही पारड्यांतलं अदलाबदल करायचं. तरीही काठी आडवी राहिली तर तराजू खरा. ही युक्ती मुलींनीच शोधली.

मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. प्रयोगशाळेवाचून, हातानं साधनं करून मुलं विज्ञान शिकली. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथेच गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्यांची खेळणी सुरू झाली ती तिथेच. २००२ मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. आपण मात्र हे काम 'शिक्षणवाल्यांचं' म्हणून सोडूनच दिलं. मुलींचं शिबिर म्हटलं की आपल्याकडे अजून शिवण, मेंदी, फार तर एक दिवस 'वयात येताना'.

रोजगार हमीवर खोदाईचं माप कमी लिहून बायकांची मजुरी कापली, की आपण मोर्चा नेतो. पण टेप धरून स्वतः माप घ्यायला आपण किती जणींना शिकवलं? मैत्रिणींनो, पुढच्या शिबिराचं वेळापत्रक करताना हे विचारा. कात्र्या मोजून आणा, मुलींच्या हातात आधी द्या.

त्या संध्याकाळी एका मुलीनं घरातली किलोची साखर तोलली. मूठभर कमी भरली. आई म्हणाली, "गप बस. त्याच्याकडे उधारी आहे आपली." आई आमच्या मंडळाचीच सभासद. पुढच्या बैठकीला मुलगी तराजू घेऊन येणार आहे.