वाटाड्या आधी, बूट नंतर

ट्रेकला जाताना काय न्यावं याच्या मराठीतल्या बहुतेक याद्या सह्याद्रीत तयार झाल्या आहेत. पकड असलेले बूट, पाठपिशवी, दोर, विजेरी, पावसाळी कोट, गडावरच्या टाक्यातलं पाणी गाळायला फडकं. या याद्या चुकीच्या नाहीत. सह्याद्रीतला धोका मुख्यतः उंचीचा असतो: सुटलेला दगड, कड्याची धार, धबधब्याचं निसरडं तोंड. पण हीच यादी घेऊन कोणी गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याच्या रानात शिरला, तर त्याच्या पिशवीतल्या निम्म्या वस्तू नुसतं ओझं ठरतील. इथले डोंगर बुटके आणि साग-बांबूंनी झाकलेले. माथ्यावर पोचलात तरी खालचं गाव दिसेलच असं नाही. सह्याद्रीच्या धारेवर वाट चुकलेल्याला निदान खाली कोकणातले दिवे दिसतात. इथे भर दुपारी बांबूच्या रांझीपलीकडे उभा असलेला माणूस दिसत नाही. धोका आहे तो अंतराचा. माणसापासून, डांबरी रस्त्यापासून, दवाखान्यापासून आपण किती लांब आहोत, यावर इथे सगळं ठरतं. म्हणून माझं म्हणणं असं की, गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातली पायी भटकंती जरूर सुरू व्हावी, पण तिची तयारी पाहुण्याच्या पिशवीच्या आधी गावात व्हावी.

हा विषय आज काढायला कारण आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं गडचिरोली म्हटलं की बंदूक आठवायची, आणि बाहेरचा माणूस वैनगंगेवरचा आष्टीचा पूल ओलांडायला कचरायचा. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवून बाहेर आला. भीती अशी एका दिवसात संपत नाही, पण उठते आहे हे खरं. आता लोक येणार. येण्यासारखं पुष्कळ आहे. चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना मिळतात आणि तिथून पुढे त्यांचं नाव प्राणहिता होतं. संगमाजवळच प्रशांतधाम आहे, महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. भोवतीचं १३४.७८ चौरस किलोमीटरचं चपराळा अभयारण्य १९८६चं. पलीकडे आलापल्लीचं वनवैभव, सहाच हेक्टरांचा तुकडा, पण सागाच्या बुंध्याशी उभं राहून वर पाहिलं तर टोपी पडेल. २०१४मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून तो जाहीर झाला. प्रश्न आहे तो आलेल्या माणसाला या रानात कोणाच्या भरवशावर सोडायचं हा.

या रानाचं स्वतःचं पंचांग आहे आणि ते नकाशात छापलेलं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा झाडून पेटवतात, आणि त्यातली एखादी ठिणगी वाऱ्यावर गेली की वणवा लागतो. त्याच मोहावर अस्वल येतं, तेही अंधाराच्या कडेला. फुलं वेचायला जाणाऱ्या बाईकडे नीट पाहावं. ती सहसा एकटी जात नाही. जाताना चारजणी मोठ्यानं बोलत जातात, मधूनच एखादी हाळी देते. त्यात गप्पांची हौस असेलही, पण आपण येतोय हे जनावराला आधी कळावं हाही हिशेब असतो. टोपली भरली की ऊन चढायच्या आत ती घरी. शहरातून आलेला भटक्या नेमका याच्या उलट वागतो: उशिरा निघतो, शांतपणे चालतो, कानात गाणी घालतो आणि दुपारच्या बारा वाजता उघड्या पठारावर सापडतो. त्यात हा मुलूख म्हणजे पारा पंचेचाळिशी ओलांडणारा. तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ला ट्रेकला गेलेला जथा वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक माणसं गेली. त्या डोंगरात गवत कधी वाळतं आणि आग कोणत्या अंगानं चढते, हे तिथल्या गुराख्याला विचारलं तर सांगता येतं. तसंच नदीचं. वैनगंगेला पूर यायला मुलचेऱ्यात पाऊस पडावाच लागतो असं नाही. भंडाऱ्याकडे गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की इथे लख्ख आभाळाखाली पाणी चढतं; ऑगस्ट २०२०च्या अखेरीस जिल्ह्यानं ते पाहिलं आहे. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागड दरवर्षी जगापासून तुटतं. फोनवरचा हवामान अंदाज तुमच्या डोक्यावरच्या ढगाबद्दल सांगतो, दुसऱ्या जिल्ह्यातल्या धरणाबद्दल नाही.

आता सापाचं बघा. भटकंतीच्या यादीत जाड बूट असतात ते सापासाठी, असं समजलं जातं. पण मण्यार चावते ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, अंथरुणात. दंश फारसा दुखत नाही, खूण जेमतेम दिसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, आणि तोवर मोलाचे तास गेलेले असतात. बूट तेव्हा तंबूच्या दाराशी असतात. तिथे कामाला येते ती खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. करकचून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये; हातपाय हलू न देता माणसाला प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोचवायचं. सगळं अडतं ते या ‘पोचवायचं’ या शब्दापाशी. कोणत्या आरोग्य केंद्रात आज साठा आहे, अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे जाताना कोणता नाला आत्ता भरलाय, रात्री दोनला जीप कोणाच्या दारात उभी असते आणि फोनला रेंज कुठल्या टेकाडावर मिळते, ही माहिती पाहुण्याकडे असू शकत नाही. ती फक्त गावाकडे असते. मलेरियाचंही तसंच. राज्यातल्या मलेरियाच्या नोंदींत गडचिरोली वर्षानुवर्षं वरच्या ओळीत आहे, आणि डास चावल्यापासून ताप यायला आठवडा-दोन आठवडे, कधी जास्तही लागतात. म्हणजे ताप येतो तो पुण्यात किंवा नागपुरात, जिथल्या डॉक्टरला पाहुणा कुठे जाऊन आला ते ठाऊकच नसतं. इथल्या आशाताईच्या पिशवीत रक्ताचा थेंब घेऊन पाव तासात निकाल देणारी पट्टी असते. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर ‘मी गडचिरोलीच्या जंगलात जाऊन आलो’ हे डॉक्टरला सर्वांत आधी सांगा, हे वाक्य निघताना पाहुण्याकडून पाठ करून घ्यायला हवं. महागड्या बुटांपेक्षा त्यानं जीव वाचण्याची शक्यता जास्त.

यावर पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप वाघाचा येतो. तो झटकून टाकण्यासारखा नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये ताडोब्यात पायी खुणांची नोंद करत फिरणारी एक वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ती प्रशिक्षित होती, सोबत माणसं होती, रान रोजच्या पायाखालचं होतं. त्याआधी महिनाभर, ऑक्टोबर २०२१मध्ये, छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला तो इथे राहिला. एप्रिल २०२४मध्ये एका सुळेवाल्या हत्तीनं प्राणहिता ओलांडून पलीकडच्या आसिफाबाद जिल्ह्यात दोन शेतकऱ्यांचा बळी घेतला. वाटाड्या सोबत असला की वाघ हल्ला करत नाही, असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नये. मग चालायचं कशाला? उत्तर असं की, वाटाड्याचं खरं काम वाट दाखवण्याआधी सुरू होतं. काल संध्याकाळी कोणत्या पाणवठ्यावर पावलं दिसली, कोणाचा बैल गेला, हत्ती कोणाच्या धानात उतरला, हे त्याला चुलीपाशी कळलेलं असतं, आणि त्यावरून ‘आज तिकडे नाही’ असं म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे असला पाहिजे. पैसे भरले म्हणून चालायलाच मिळालं पाहिजे, हा हट्ट जिथे चालतो तिथे सुरक्षितता संपते. रद्द झालेल्या दिवसाची मजुरी वाटाड्याला पूर्ण मिळाली पाहिजे. नाहीतर पोटासाठी तो ‘नाही’ म्हणणार नाही. वाघांचा राबता असलेल्या गाभ्यात, तेंदूच्या हंगामात, सूर्य मावळल्यावर पायी भटकंती नकोच. उरतं ते दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे जेमतेम चार महिने, आणि गावाच्या नेहमीच्या वहिवाटीच्या पाऊलवाटा. वहिवाटीच्या वाटेचा आग्रह आणखी एका कारणानं: इतक्या वर्षांच्या संघर्षानंतर आडरानात जमिनीत काय पुरून राहिलं असेल, ते पायानं शोधायची हौस कोणी करू नये.

दुसरा आक्षेप हौशी भटक्यांचा: डोंगर काय कोणाच्या मालकीचे आहेत? वाटाड्याची सक्ती म्हणजे भटकंतीच्या मुक्तपणावर कर. मालकीच्या प्रश्नाला इथे तरी कायद्यानं उत्तर दिलेलं आहे. अभयारण्यात शिरायला १९७२च्या वन्यजीव कायद्यानं परवानगी लागतेच. अभयारण्याबाहेरचं बरंच जंगल वनहक्क कायद्याखाली ग्रामसभांच्या हाती आलेलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टरांवरचा सामूहिक हक्क २००९मध्ये मिळाला आणि पुढे जिल्ह्यातल्या शेकडो गावांना. ज्या जंगलाची राखण गाव करतं, तिथे जाताना गावाला विचारणं ही साधी रीत आहे. त्यात काही डोंगर देवाचे आहेत. सुरजागडावरचा ठाकूरदेव माडिया लोकांचा. जानेवारीत त्याची यात्रा असते. कोणत्या दगडावर बसायचं नाही आणि कुठे चपला काढायच्या, हे फलक लावून सांगता येत नाही. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं. त्यात आयोजकांची नोंदणी आहे, सुरक्षेचे निकष आहेत, पण ते वाचताना डोळ्यांसमोर येतो तो दोर लावणारा, बोटी चालवणारा व्यावसायिक. मोह वेचणाऱ्या बाईला किंवा गुराख्याला वाटाड्या म्हणून कसं नोंदवायचं, त्याच्या विम्याचा हप्ता कोणी भरायचा, याची सोय त्यात ठळकपणे दिसत नाही. ती व्हायला हवी, आणि नोंद ग्रामसभेच्या शिफारशीवर व्हायला हवी. नाहीतर नागपूरची एखादी कंपनी येईल, आपलेच गाइड आणेल आणि गावातला पोरगा पाण्याच्या बाटल्या वाहील.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: इथल्या माणसाला खाटेवर घालून नाला ओलांडावा लागतो आणि तुम्ही पाहुण्यांच्या सोयी कसल्या मागता? मी पाहुण्यांसाठी वेगळं काही मागतच नाही. आरोग्य केंद्रातलं प्रतिविष, आशाताईची पट्टी, रात्री निघू शकणारी रुग्णवाहिका, नाल्यावरचा पूल, यांतलं काहीही पर्यटकांचं नाही. धानाच्या बांधावर साप चावतो तो गावकऱ्याला, आणि पाहुणा दहा वर्षांत एकदा त्याच खाटेवर येईल. जिथे गावकऱ्यासाठी ही सोय नाही, तिथे पाहुण्यालाही नेऊ नका, एवढीच अट घाला. मग चपराळ्याची वाट उघडायची तर आधी वाटेवरच्या दवाखान्याकडे बघावं लागेल, आणि पर्यटन खात्याला आरोग्य खात्याच्या दारात जावं लागेल. दिवाळीआधी वन विभाग, आरोग्य विभाग आणि वाटेवरच्या ग्रामसभा यांनी एका दुपारी एकत्र बसावं, प्रतिविषाच्या कुप्या मोजाव्यात, वाटाड्यांची नावं लिहावीत, आणि जिथे मोजणी कमी भरेल तिथली वाट यंदा बंद ठेवावी.